अध्यक्षीय पद्धतीची जुनी मागणी

चौदाव्या विधानसभेच्या पाच वर्षांत महाराष्ट्राने तीन मुख्यमंत्री पाहिले. नोव्हेंबर 2019 मधल्या पहाटेच्या शपथविधीतून आलेले सरकार चार दिवसही टिकले नाही. त्यानंतरचे अडीच वर्षांत कोसळले. तिसरे शिवसेनेच्या ज्या फुटीतून उभे राहिले ती जून 2022 मधली. तिच्यातल्या अपात्रतेच्या अर्जांवर निर्णय व्हायला जानेवारी 2024 उजाडला. तिन्ही मुख्यमंत्र्यांच्या मंत्रिमंडळात कधी ना कधी उपमुख्यमंत्री होते ते अजित पवारच. मत एकाला द्यावे आणि राज्य भलत्यानेच करावे, हा अनुभव घेतलेल्या मतदाराने ‘मग मुख्यमंत्री आम्हीच थेट का निवडू नये?’ असे विचारले तर त्यात नवल नाही. देशाच्या पातळीवर हाच प्रश्न अध्यक्षीय पद्धतीची मागणी म्हणून अधूनमधून वर येतो. या मागणीला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना मराठी माणसे आहेत. हा इतिहास उलगडून पाहिला की एक विसंगती नजरेत भरते. अध्यक्षीय पद्धत दरवेळी स्थैर्याच्या नावाने मागितली गेली. मात्र सरकारे सर्वांत भक्कम होती तेव्हाच ती सर्वांत मोठ्या आवाजात मागितली गेली. सभागृहाने सरकारला रोजच्या रोज जाब विचारण्याची सवय मोडत गेली, हे आपले खरे दुखणे आहे, आणि प्रमुख थेट निवडल्याने ते बरे होणार नाही.

सुरुवात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपासून करावी लागते, कारण त्यांनी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी तपासला होता. मार्च 1947 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी ब्रिटिश धर्तीचे मंत्रिमंडळ नाकारले होते. कायदेमंडळाच्या मुदतीत ज्याला हटवता येणार नाही असे कार्यकारी मंडळ त्यांनी सुचवले. त्याचा पंतप्रधान सगळ्या सभागृहाने एकल संक्रमणीय मताने निवडायचा, आणि अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या समाजाच्या प्रतिनिधींनी. भारतात बहुमत हे बऱ्याचदा राजकीय नसते, जन्माने ठरलेले असते, आणि अशा बहुमताच्या हाती ब्रिटिश पद्धतीचे मंत्रिमंडळ दिले तर ते एका जमातीचे राज्य होईल, ही त्यामागची भीती होती. दीड वर्षाने, 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्याच आंबेडकरांनी संसदीय पद्धतीचे समर्थन केले. लोकशाहीतल्या सरकारकडून स्थैर्य आणि जबाबदारी या दोन्हींची अपेक्षा असते, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, अशी त्यांची मांडणी होती. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त. तिथे सरकारच्या कामाचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो. संसदीय पद्धतीत तो मतदार निवडणुकीत घेतात आणि सदस्य रोज घेतात: प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वास प्रस्ताव यांतून. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, हे त्यांनी उघडपणे सांगितले. निवड डोळसपणे झाली होती. साहेबाची नक्कल म्हणून झाली नव्हती.

नकलेचा आक्षेप तेव्हाही होता. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी डिसेंबर 1948 मध्ये कार्यकारी मंडळ, कायदेमंडळ आणि न्यायमंडळ पूर्णपणे वेगळे ठेवण्यासाठी दुरुस्त्या मांडल्या. मंत्रिपदाची आशा उरली नाही तर सदस्य कायदे करण्याच्या कामाकडे लक्ष देतील, हा त्यांचा युक्तिवाद आजही तितकाच टोकदार आहे. घटना समितीने त्या दुरुस्त्या फेटाळल्या. विरोधात बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते आणि त्यांचा भर अनुभवावर होता. मुन्शी स्वतः 1937 ते 1939 या काळात बाळासाहेब खेर यांच्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री होते. पण अनुभव त्याहूनही जुना होता. 1892 च्या कायद्याने कौन्सिलातल्या हिंदी सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला. 1901 मध्ये मुंबई कौन्सिलात जमीन महसुलाच्या दुरुस्ती विधेयकाला विरोध करून फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात सरकारच्या शिलकी अंदाजपत्रकाची चिरफाड केली. आपल्याकडे सत्ता हाती येण्याच्या कितीतरी आधी जाब विचारण्याची कला आली होती. ज्या देशाने अर्धशतक केवळ प्रश्न विचारून परकीय सरकारला अडचणीत आणले, त्याने स्वतःच्या सरकारसाठीही प्रश्नोत्तराची पद्धत निवडली, हे त्या इतिहासाला धरूनच होते.

ती पद्धत चालू होती तेव्हा कशी चालत होती, हे मुंदडा प्रकरणात जवळून पाहता येते. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने 1957 मध्ये हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रुपयांचे शेअर खरेदी केले. लोकसभेत आधी साधा प्रश्न आला, त्याचे मोघम उत्तर मिळाले. मग डिसेंबरमध्ये फिरोज गांधी उभे राहिले आणि त्यांनी खरेदीच्या तारखा, भाव आणि पत्रव्यवहार यांचा हिशेबच सभागृहापुढे ठेवला. ते सत्ताधारी पक्षाचे सदस्य होते, पंतप्रधानांचे जावईही होते. सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी ती मुंबईत उघडपणे चालवली आणि काही आठवड्यांत अहवाल दिला. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. प्रश्नापासून राजीनाम्यापर्यंत सहा महिनेही लागले नाहीत. सरकार पडले का? काँग्रेसकडे लोकसभेत साडेतीनशेहून अधिक जागा होत्या. सरकारच्या केसालाही धक्का लागला नाही. स्थैर्य आणि जबाबदारी यांत एकाचीच निवड करावी लागते असे नाही. सभागृह काम करत असेल तर भक्कम बहुमताचे सरकारही त्याच्यापुढे वाकते.

या पद्धतीला पहिला मोठा तडा गेला तो 1967 नंतर. अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली आणि हरियाणातले आमदार गयालाल यांच्या पक्षांतरांमुळे ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग देशभर झाला. लोकसभेच्या ठरावानुसार गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालातला एक आकडा बोलका आहे: त्या काळात वेगवेगळ्या राज्यांत पक्षांतर केलेल्या 210 आमदारांपैकी 116 जणांना, त्यांच्याच पक्षांतराने सत्तेवर आलेल्या सरकारांत मंत्रिपदे मिळाली. रोगाचे मूळ मंत्रिपदाच्या आमिषात आहे, हे चव्हाण समितीने नेमके ओळखले होते. पक्षांतर करणाऱ्याला काही काळ मंत्री होता येऊ नये आणि मंत्रिमंडळाच्या आकाराला मर्यादा असावी, असे तिने सुचवले. 1973 आणि 1978 मध्ये विधेयके आली आणि बारगळली. मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर रोखणारी 91 वी घटनादुरुस्ती व्हायला 2003 साल उजाडले. म्हणजे संसदीय पद्धतीच्या दुरुस्तीचा साधा उपाय तीस वर्षांहून अधिक काळ फायलीत पडून होता. पद्धत नापास झाली असे म्हणण्याआधी तिची दुरुस्ती किती वर्षे टाळली गेली, हेही मोजायला हवे.

आता अध्यक्षीय पद्धतीची मागणी कधी झाली ते पाहू. आणीबाणीत, 1975 च्या अखेरीस, घटनेकडे नव्याने पाहण्याचा आग्रह धरणारे एक टिपण दिल्लीत फिरू लागले. त्याचे कर्तृत्व प्रामुख्याने बॅ. अ. र. अंतुले यांच्याकडे दिले जाते. थेट निवडलेला सर्वाधिकारी राष्ट्रपती आणि न्यायालयांवर वचक ठेवणारी, त्याच राष्ट्रपतीच्या अध्यक्षतेखालची परिषद, असा त्याचा गाभा होता. 1976 मध्ये स्वर्णसिंग समितीने संसदीय पद्धतच कायम ठेवण्याचा सल्ला दिला आणि ते टिपण मागे पडले. ऐंशीच्या दशकात वर्ध्याचे खासदार वसंत साठे यांनी हा विषय पुन्हा लावून धरला आणि वर्षानुवर्षे त्याचा प्रामाणिकपणे प्रचार केला. या दोन्ही वेळी लोकसभेतले बळ किती होते? 1971 मध्ये काँग्रेसला 352 जागा होत्या, 1980 मध्ये 353, 1984 मध्ये 400 हून अधिक. सरकार पडण्याची भीती नव्हती. अडचण होत होती ती न्यायालयांची, वृत्तपत्रांची आणि विरोधकांची. अंतुल्यांच्याच बाबतीत काळाने एक दाखला मागे ठेवला आहे. ते 1980 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि सिमेंट वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात जाताच जानेवारी 1982 मध्ये त्यांना पद सोडावे लागले. काही दिवसांत बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. विधानसभा तीच राहिली, राज्याचा गाडा थांबला नाही. मुदतबंद अध्यक्षाला असे सहज बदलता येत नाही. वॉटरगेटच्या चोरीपासून निक्सन यांच्या राजीनाम्यापर्यंत अमेरिकेला दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

यावर उत्तर येईल की ऐंशीचे दशक सोडा, 1989 नंतरच्या दशकाचे काय? आक्षेप रास्त आहे. 1989 ते 1999 या काळात पाच लोकसभा निवडणुका झाल्या. वाजपेयींचे पहिले सरकार 13 दिवस टिकले, दुसरे एप्रिल 1999 मध्ये 269 विरुद्ध 270 असे एका मताने पडले, आणि ज्यांनी पाडले त्यांना पर्याय देता आला नाही. अस्थैर्याचे याहून ठसठशीत उदाहरण मिळणार नाही. पण याच दशकात नरसिंह राव यांच्या अल्पमतातल्या सरकारने पाच वर्षे पूर्ण केली आणि अर्थव्यवस्थेची दिशा बदलली. 1994 च्या बोम्मई निकालाने बहुमताचा फैसला राजभवनातून काढून सभागृहात आणला. 1999 पासून पुढची पंधरा वर्षे आघाड्यांचीच सरकारे आली आणि त्या प्रत्येकाने आपली मुदत जवळपास पूर्ण केली; माहिती अधिकाराचा आणि रोजगार हमीचा कायदा आघाडीच्याच सरकारने केला. म्हणजे घटनेची चौकट न मोडता, न्यायालयाचा एक निकाल आणि पक्षांना लागलेली तडजोडीची सवय यांच्या जोरावर ते अस्थैर्य ओसरले. एका मताने सरकार पाडून देशाला पुन्हा मतदानाला नेण्यावरही उपाय ठाऊक होता. जर्मनीच्या 1949 च्या घटनेत चॅन्सेलरला हटवायचे तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. 1982 मध्ये हेल्मुट कोल याच मार्गाने सत्तेवर आले. 2002 मध्ये न्या. वेंकटचलय्या आयोगाने अशीच तरतूद भारतासाठी सुचवली. ती आजही शिफारशींच्या कागदांतच आहे.

थेट निवडीचा अनुभव घ्यायला महाराष्ट्राला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याचा प्रयोग राज्याने 2001 मध्ये केला आणि पुढे सोडून दिला. 2016 मध्ये तो परत आला, 2017 मध्ये सरपंचही थेट निवडले जाऊ लागले. 2020 मध्ये महाविकास आघाडीने दोन्ही रद्द केले आणि 2022 मध्ये दोन्ही पुन्हा आले. नगराध्यक्षांची थेट निवड रद्द झाली तेव्हा नगरविकास खाते एकनाथ शिंदे यांच्याकडे होते. ती परत आली तेव्हा तेच मुख्यमंत्री होते. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की निवडीची पद्धत तत्त्वाने ठरत नाही, मंत्रालयात कोण बसले आहे यावर ठरते. दुसरी गावात दिसते. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, अशी ग्रामपंचायत निवडून आली की उपसरपंच विरोधी गटाचा होतो. मासिक सभेत सरपंचाचा ठराव सदस्य हाणून पाडतात, सदस्यांनी मांडलेले काम सरपंच पुढे सरकू देत नाही, आणि दोघेही ‘आम्हाला लोकांनी निवडून दिले’ असेच म्हणतात. दोघांचेही खरे असते. अविश्वास आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदान. तोवर नळयोजनेचे काम रखडते. हुआन लिंझ या राज्यशास्त्रज्ञाने 1990 मध्ये लॅटिन अमेरिकेकडे बोट दाखवून अध्यक्षीय पद्धतीचा हाच मुख्य दोष सांगितला होता: जनादेश दोन, आणि त्यांच्यात निवाडा करणारे कोणी नाही.

बाहेरचे अनुभवही फारसे वेगळे नाहीत. इस्रायलने संसदीय पद्धत ठेवूनच पंतप्रधान थेट निवडायचे ठरवले. लहान पक्षांचा ब्लॅकमेल थांबावा हा हेतू होता. घडले उलटे. मतदारांनी पंतप्रधानासाठी एक मत मोठ्या नेत्याला दिले आणि संसदेसाठीचे दुसरे आपल्या जमातीच्या, पंथाच्या पक्षाला. 1992 मध्ये लेबर आणि लिकुड या दोन पक्षांच्या मिळून 120 पैकी 76 जागा होत्या. 1999 मध्ये दोन्ही बाजूंच्या मिळून 45 उरल्या. 2001 मध्ये इस्रायलने तो कायदाच रद्द केला. श्रीलंकेने 1978 मध्ये जे. आर. जयवर्धने यांच्या पुढाकाराने कार्यकारी अध्यक्षपद आणले. 1994 पासून एकामागून एक नेते ते रद्द करण्याचे वचन देऊन निवडून आले आणि खुर्चीत बसल्यावर वचन विसरले. 2018 मध्ये अध्यक्षांनी पंतप्रधानाला बडतर्फ करून संसदही विसर्जित केली. सर्वोच्च न्यायालयाला ती परत उभी करावी लागली. 2021 मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी आली आणि भाताचे पीक बुडाले. 2022 मध्ये ती बंदी घालणारा अध्यक्ष देश सोडून पळाला. आणि आमदारांची खरेदी थांबेल म्हणावे, तर ब्राझीलमध्ये 2005 साली उघडकीला आलेल्या प्रकरणात खासदारांना मतांसाठी दरमहा पैसे दिले जात असल्याचा आरोप झाला आणि त्यात पुढे बडे नेते दोषी ठरले. आपल्याकडे निदान सरकार पाडताना एकदाच सौदा होतो.

आता प्रा. शहांचा मुद्दा: मंत्रिपदाची आशा गेली की आमदार-खासदार कायद्याकडे वळतील. अमेरिकेत काँग्रेसचा सदस्य अध्यक्षाच्या विधेयकाविरुद्ध मत देऊ शकतो, कारण त्याची उमेदवारी मतदारसंघातल्या प्राथमिक निवडणुकीत ठरते, आणि व्हिप मोडल्याने त्याचे सदस्यत्व जात नाही. आपल्याकडे तिकीट दिल्लीत किंवा मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्याच्या आसपास ठरते आणि घटनेतल्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाची टांगती तलवार असते. या पक्षांसह, या परिशिष्टासह अध्यक्ष आणला तर स्वतंत्र काँग्रेस येणार नाही. मुदतबंद नेता आणि होयबांचे सभागृह एवढेच हाती लागेल. दुसरा मुद्दा तज्ज्ञ मंत्र्यांचा. संसदीय पद्धतीने तज्ज्ञांना कधी दार बंद केले नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख 1950 मध्ये अर्थमंत्री झाले, 1952 मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाला, असे त्यांनी पंतप्रधानांच्या समोर, लोकसभेत उभे राहून सांगितले आणि राजीनामा दिला. अध्यक्षाने नेमलेल्या सचिवाला राजीनामा देता येतो. हे व्यासपीठ त्याच्याकडे नसते. ‘निवडणुका तरी आता एका चेहऱ्यावरच लढल्या जातात’ हा तिसरा मुद्दा खरा आहे. पण एका चेहऱ्याभोवती सत्ता एवढी गोळा झाली असेल, तर त्याला प्रश्न विचारणारे सभागृह अधिक हवे की कमी?

ते सभागृह कमी होत चालले आहे, हेच आजचे वास्तव आहे. पहिल्या लोकसभेच्या 677 बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या 274. पंधराव्या लोकसभेत दहापैकी सात विधेयके संसदीय समित्यांकडे गेली होती, सतराव्यात सहापैकी जेमतेम एक. सतराव्या लोकसभेने आपल्या पाच वर्षांत उपाध्यक्षच निवडला नाही. महाराष्ट्र विधानसभेत नाना पटोले यांनी फेब्रुवारी 2021 मध्ये अध्यक्षपद सोडले, आणि जुलै 2022 पर्यंत, म्हणजे शिवसेनेची फूट पडली तेव्हाही, ती खुर्ची रिकामीच होती. ज्या पदाकडे फुटीरांचा न्याय करण्याचे काम घटनेने सोपवले, ते इतके महिने भरलेच गेले नाही. त्यात 1985 चे दहावे परिशिष्ट. एकेकट्याचे पक्षांतर त्याने रोखले खरे, पण घाऊक पक्षांतराला वाट ठेवली आणि प्रत्येक मतदानावर व्हिपचे कुलूप लावले. फिरोज गांधींना 1957 मध्ये आपल्याच सरकारविरुद्ध बोलताना पक्षाची नाराजी पत्करावी लागली असेल. आजचा सत्ताधारी खासदार मतही विरोधात देऊ पाहील तर त्याची खासदारकी जाते.

म्हणून दुरुस्तीची यादी नवी लिहिण्याची गरज नाही, जुनीच अमलात आणायची आहे. 1990 च्या दिनेश गोस्वामी समितीने सांगितले की व्हिपचा धाक विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरता, अर्थविधेयकापुरता आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभार प्रस्तावापुरता ठेवा. वेंकटचलय्या आयोगाने सांगितले की पक्षांतराचा निवाडा सभागृहाच्या अध्यक्षांकडून काढून निवडणूक आयोगाकडे द्या आणि फुटणाऱ्याला उरलेल्या मुदतीत कोणतेही लाभाचे पद देऊ नका. चव्हाण समितीच्या सूचनेचाच हा पुढचा टप्पा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करण्यास संसदेला सुचवले. बैठकांच्या दिवसांचा किमान आकडा आणि प्रत्येक महत्त्वाच्या विधेयकाची समितीत छाननी, या दोन गोष्टी त्यांना जोडाव्यात. यांतल्या एकाही सुधारणेसाठी राज्यपद्धत बदलावी लागत नाही. उलट उद्या कोणी अध्यक्षीय पद्धत आणलीच, तर तिलाही हीच सगळी कामे आधी करावी लागतील, कारण निर्भय सभागृहाशिवाय अध्यक्ष म्हणजे पाच वर्षांचा बिनजाबाचा मालक. ज्यांना थेट मुख्यमंत्री हवा आहे त्यांनी आपल्या आमदाराला आधी एवढेच विचारावे: गेल्या अधिवेशनात तुम्ही किती तारांकित प्रश्न विचारले, आणि त्यांतल्या किती उत्तरांवर सरकारला अडवले?